मशीनला नाव पाहिजे होतं

माझी बायको काविळीत गेली. दवाखान्याच्या कागदावर लिव्हर निकामी झालं असं लिहिलं आहे, पण आधी कावीळ होती, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. ती तांदूळ पाखडत बसली होती. सुपातून मान वर केली तर डोळे हळद लावल्यासारखे. मी म्हटलं, दवाखान्यात चल. ती म्हणाली, "माह्या बहिणीच्या हातचं घेईन आधी, मंग पाहू तुमचा दवाखाना." आमच्या घरात आवाज माझा मोठा होता, पण चालायचं तिचं.

तिची धाकटी बहीण, माझी साळी, एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावात राहते. त्यांची माय काविळीची मुळी द्यायची. माय गेल्यावर धाकटी देऊ लागली. लांबलांबून लोक तिच्याकडे यायचे. निरोप गेला तशी ती फडक्यात मुळ्या बांधून आली आणि आमच्याकडेच राहिली. सकाळी उपाशीपोटी ताकात उगाळून द्यायची. आधी आधी डोळे निवळल्यासारखे वाटले. बायको मला म्हणाली, "पाह्यलं? तुमाले तर सारं इंजेक्शननंच बरं होते वाटते." मग पोट फुगलं. मग ती असंबद्ध बोलायला लागली, मलाच म्हणाली, तुमी कोणाचे पाव्हणे. तेव्हा गाडी करून चंद्रपूरला नेलं.

तिथे एका डॉक्टरने विचारलं, गावठी औषध काही दिलं होतं का? मी हो म्हटलं. त्याने लिहून घेतलं. बरं-वाईट काही बोलला नाही. पण बाजूला माझा मुलगा उभा होता. त्याला तेवढा एक प्रश्न पुरला.

मुलाचं आरमोरीत मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातल्या पंपाची मोटार जळली की तांब्याची तार नव्याने भरून घ्यायला त्याच्याकडे येते. तेरवी झाली आणि दुकानात येईल त्याला तो सांगू लागला, "मावशीनं मारलं माह्या मायले." मला म्हणाला, "बाबा, वर्षश्राद्धाले ते बाई आली तर मी पाटावर बसणार नाई."

बायकोच्या माहेरचं तेवढं एकच माणूस उरलं आहे. भाऊ नाही, भावजय नाही. तिच्या श्राद्धाला तिच्या माहेरचं कोणी नसावं, हे माझ्या गळ्याखाली उतरत नव्हतं. पण मुलाला खोटं तरी कसं म्हणू? मुळीने गेली की काविळीने गेली, हे मलाही ठाऊक नव्हतं. मुळीने गेली असती तर मी साळीच्या तोंडावर बोललो असतो. मुळीने नसेल, तर पोराने तोंड आवरावं. मला एवढंच नक्की करून पाहिजे होतं.

मार्ग सुनेने काढला. ती भद्रावतीची, फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली. तिची भाषा आमच्यापेक्षा साफ आहे. केमिस्ट्रीत शिकली आणि आता गडचिरोलीच्या विद्यापीठात पीएचडी करते. एक दिवस मला जेवायला वाढता वाढता म्हणाली, "मामाजी, त्या मुळीवर कोणी ना कोणी संशोधन केलं असेल. केमिस्ट्रीचं जे जे छापून येतं ते कॉम्प्युटरवर एका जागी शोधता येतं. आमच्या लायब्ररीतून उघडतं ते."

"मंग पाह्य नं."

"तुम्ही चला. मुळी तुम्ही पाहिली आहे. मी नाही."

बायकोच्या डब्यात मुळीचा एक तुकडा राहिला होता. तो रुमालात बांधला आणि सुनेसोबत एस.टी.त बसलो.

मी चौथी शिकलेला. जन्म राइस मिलमध्ये पोती उचलण्यात गेला. लायब्ररीत कधी पाय ठेवला नव्हता. दारात चपला काढल्या तर दोन पोरी हसल्या. सून म्हणाली, "राहू द्या मामाजी, घाला." आत कपाटंच कपाटं, आणि माणसं मात्र सगळी कॉम्प्युटरसमोर. मी म्हटलं, "पुस्तकं उघडाचीच नाई, तर एवढे कपाटं काऊन?"

"मामाजी, हळू बोला."

"काऊन? मशीन झोपली का?"

तिला हसू आलं. बायको गेल्यापासून आमच्यात कोणी हसलं असेल तर ते तेव्हाच.

तिने तिचा पासवर्ड टाकला. पडद्यावर एक लांबट पांढरी चौकट आली. तिने बोटं तयार ठेवली आणि म्हणाली, "हं, नाव सांगा."

"कोणाचं?"

"मुळीचं."

नाव माझ्याकडे नव्हतं. आमच्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही, पण ती कॉलनीतली, तिला सांगावं लागलं. ही मुळी देणारं माणूस तिचं नाव घेत नाही. उपटायला जाताना नाही, देताना नाही, कधीच नाही. पहाटे जाऊन झाडापुढे चार दाणे तांदूळ ठेवायचे, आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, मुकाट्याने काढायची. तोंडातून नाव गेलं की देणाऱ्याच्या हाताचा गुण गेला. घरात सगळे "ते" म्हणायचे. ते आणलं का, ते उगाळलं का. माझी बायको ते प्यायली, पण ते काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

सून ऐकून घेऊन म्हणाली, "मग असं करू. कशी दिसते सांगा."

"पिवळी. मोडली का आतून जास्त पिवळी. कडू जहर."

"मामाजी, इथे असं लिहून चालत नाही. नाव लागतं. नाहीतर आत जो पदार्थ असतो त्याचं सूत्र. नाहीतर त्याचं चित्र." तिने मला दाखवायला एक सहा कोनांची आकृती काढली, तिला शेपूट जोडलं, आणि मशीनने त्या आकृतीसाठी पानंच्या पानं काढून दिली.

"तर मंग आपल्या मुळीचं काढ."

"मुळीचं नाही हो. मुळीच्या आत काय आहे त्याचं."

"आत काय हाये हे ठाऊक असतं तर इथी काऊन आलो असतो?"

वनस्पतिशास्त्राच्या एका सरांना तिने तो तुकडा नेऊन दाखवला. त्यांनी वास घेतला, फिरवून पाहिला. म्हणाले, वाळक्या तुकड्यावरून मी सांगणार नाही, अशा दिसणाऱ्या मुळ्या पुष्कळ आहेत. गावातलं नाव कळलं तर बरं, पान-फूल आणलं तर फारच बरं.

म्हणजे साळीकडे जाणं आलं.

मी गेलो तेव्हा ती अंगणात मोहाच्या बिया फोडत होती. मला पाहून उठली नाही. म्हणाली, "या भाऊजी. पोरानं येऊ देलं?"

"पोरगा मले बांधून थोडीच ठेवते."

तिने पाणी दिलं. मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, "बाई, मले त्या मुळीचं नाव पाहिजे."

तिचा हात थांबला. "कशाले?"

"सुनेच्या मशीनीत पाहाचं हाये. माणसाले मारते का नाई ते."

"मशीनीले ठाऊक राहीन?"

"सून म्हणते राहीन."

"तुमाले काय वाटते? मी मारलं ताईले?"

दुसरा कोणी असता तर नाही नाही म्हणाला असता. मी म्हटलं, "मले ठाऊक नाई. म्हणून तर आलो."

ती म्हणाली, "पोरगा मांगून बोलते, तुमी समोर बोलता. तेवढं बरं." पुन्हा दोन-चार बिया फोडल्या. "माय मराले टेकली तवा माह्या कानात सांगून गेली. ताईले नाई सांगतलं. ताईच्या पोटात काई राह्यत नव्हतं, तुमाले ठाऊकच हाये."

"हाये."

"अन् नाव नाई सांगतलं तर?"

"तर पोरगा म्हणते तेच चालू राह्यते. श्राद्धाले तुले येता येणार नाई."

तिने पदराने हात पुसले आणि नाव घेतलं. कानात नाही, हळू नाही. भर अंगणात, शेळीला हाक मारावी तसं. गोंडीतलं लहानसं नाव आहे. मी ते इथे लिहीत नाही. तिने ते मला एका कामासाठी दिलं होतं.

मग मला जंगलात घेऊन गेली. झाड दाखवलं आणि स्वतः दूर उभी राहिली. "उपटा तुमीच. आता सावलीचं काई नाई." मी मुळासकट उपटून पिशवीत घातलं. पानं होती, बारीक फुलंही होती.

परत आलो तर अंगणात एक माणूस थांबलेला. शेजारच्या टोल्यावरचा, पलीकडच्या वस्तीतला होता. घरी बायको पिवळी पडली म्हणत होता. साळी त्याला म्हणाली, "दवाखान्यात ने. आजच ने."

"बाई, तुह्या हातचं एकदा..."

"माह्या हातचं सरलं."

तो कधी तिच्याकडे पाही, कधी माझ्याकडे, कधी माझ्या पिशवीकडे. तिच्या घरातून मी काहीतरी उचलून चाललो आहे असं त्याला वाटलं असेल. मी मान खाली घालून रस्त्याला लागलो.

पान-फूल पाहताच सरांनी शास्त्रातलं नाव सांगितलं. सुनेने ते चौकटीत टाकलं आणि यादी आली. खाली सरकवत नेली तरी संपेना. कुठली कुठली माणसं, कुठल्या कुठल्या देशातली, त्या मुळीवर काम करत बसली होती. काही उघडत होतं, काही उघडत नव्हतं. लायब्ररीने जे घेतलं आहे तेच पूर्ण दिसतं, बाकीच्यांचा सारांश तेवढा, असं ती म्हणाली. ती वाचत होती, वहीत टिपत होती. मी बाजूच्या खुर्चीवर बसून त्या सहा कोनांच्या आकृत्या पाहत होतो. माझ्या बायकोच्या पोटात गेलं ते असं दिसतं, एवढं मला कळलं.

दुपार कलली तेव्हा तिने चष्मा काढला. "मामाजी, दोन्ही आहे."

"दोनी म्हंजे?"

"लिव्हरला चांगली म्हणणारेही आहेत. जास्त गेली तर वाईट म्हणणारेही आहेत. आणि हे बहुतेक उंदरांवरचं आहे."

"मंग ते कायनं मेली?"

"ते यात नाही." ती फार हळू बोलत होती. "आईंनी किती घेतली, आजार तेव्हा किती पुढे गेला होता, हे कोणी मोजलं नव्हतं. आता ते कोणालाच शोधता येणार नाही."

मी म्हटलं, "असं कर. चांगलं म्हणणारे तेवढे छाप. त्याले दाखवू."

"आणि वाईट?"

"राहू दे मशीनीत."

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मामाजी, तुम्ही हे शोधायला नव्हता आलात."

मी उठून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो. सून बरोबर बोलते तेव्हा मला तिचा राग येतो. बायकोचाही यायचा. बायको मग चहा आणून बाजूला ठेवायची आणि काही बोलायची नाही. सून आली तेव्हा तिच्या हातात दोन्ही प्रकारचे कागद होते. आम्ही स्टँडवर गेलो.

दुकानात मुलगा तांब्याची तार गुंडाळत होता. सुनेने कागद पुढे ठेवले आणि समजावून सांगितलं. त्याने थोडं वाचलं, थोडं सोडलं. मला विचारलं, "म्हंजे काय निघालं?"

"काई नाई निघालं."

"एवढं पाहून बी?"

"एवढं पाहून बी."

तो कागद बाजूला सारणार होता. मग थांबला. "नाव कुठून भेटलं तुमाले?"

"मावशीनं सांगतलं."

"तोंडानं?"

"तोंडानं. अंगणात."

लहानपणी तो सुट्टीत आजीकडे राहायचा. एकदा तिच्या मागे मागे जंगलात गेला आणि याला काय म्हणते म्हणून विचारलं, तर आजीने त्याच्या तोंडावर हात दाबून धरला होता. ते त्याला आठवलं की नाही, मला माहीत नाही. त्याने तार पुन्हा हातात घेतली. वेढे घालत राहिला. एक मोटार पुरी भरून झाली, गिऱ्हाईक येऊन गेलं, मग म्हणाला, "येऊ द्या तिले."

ती आली. माहेरचा म्हणून पायलीभर तांदूळ आणि नवं लुगडं घेऊन आली. पाटापाशी बसली, रडली नाही. पंगतीत मुलाने तिला स्वतः वाढलं, पण तोंडाकडे पाहिलं नाही. तिने पानात काही टाकलं नाही. शेजारची म्हातारी तिला विचारायला आली, नातवाचे डोळे पिवळे दिसून राह्यले, तुह्याकडची मुळी दे. साळीने तिलाही दवाखाना सांगितला. म्हातारी कुरकुरत गेली. माझी मान वर झाली नाही.

दुपारच्या बसला मी तिला सोडायला गेलो. स्टँडवर ऊन होतं, झाडाखाली उभे राहिलो. तोवर तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिथे विचारलं.

"भाऊजी, मशीनीत काय निघालं?"

"काई नाई."

"मी मारलं असं?"

"नाई निघालं."

"अन् मी नाई मारलं असं?"

मला खोटं बोलायची तेव्हा फार इच्छा झाली. तिने मला एवढं दिलं होतं.

"ते बी नाई निघालं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. पदर डोक्यावर ओढून घेतला. तेवढ्यात एस.टी. आली. तिला पाटी वाचता येत नाही. मला विचारलं, "हेच का?"

"हेच," म्हटलं, आणि तिची पिशवी वर चढवून दिली.