रांगेच्या मधली खुर्ची

नाट्यगृहात पाच-सहा माणसांनी पाय आखडून घेतले आणि मी त्यांच्यापुढून सरकत रांगेच्या मधोमध जाऊन बसलो. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलं तेव्हापासून लघवीची घाई, जळजळ, मधूनच इन्फेक्शन. त्यामुळे कुठेही गेलो तरी दाराजवळची, कडेची खुर्ची ठरलेली. औषधांनी ते सगळं निवळलं, तशी बायकोने यंदा हट्टाने मधली तिकिटं काढली. आजूबाजूला माणसं खेटून बसलेली असणं ही केवढी चैन आहे! रंगमंचावर नायिका रडत होती आणि मी आपला खुशीत.

मध्यंतर होताच मी ताडकन उठलो. बायको धास्तावून म्हणाली, "अहो, बाथरूम डावीकडे आहे."

"असू दे की," मी म्हणालो, "बटाटेवडे उजवीकडे मिळतात."