बिराप्पाचा फोन बंद होता

लग्न झाल्यापासून बिराप्पा आणि हरणाबाई कधी वेगळे राहिले नव्हते. भूम तालुक्यात, बालाघाटाच्या कडेला त्यांची वस्ती होती, पण घराला घरपण असायचं ते पावसाळ्यापुरतं. दसरा झाला की मेंढरं बाहेर काढायची, तुळजापूर मागं टाकून नळदुर्ग-जळकोटच्या काळ्या रानात उतरायचं, आणि जो शेतकरी बोलावील त्याच्या शेतात मेंढरं बसवायची. मेंढरं बसली की रानाला खत होतं, म्हणून त्या भागात बिराप्पाला सगळे ओळखून होते. हरणाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं जायची. मागून मेंढरं हाकत बिराप्पा पोचायचा, तोवर तीन दगडांची चूल पेटलेली असायची. त्यांचा मुलगा वैजनाथही असाच एका हिवाळ्यात, बोरी नदीच्या काठच्या रानात जन्मला.

मग हरणाबाईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चालायला बंदी केली. पहिल्या वर्षी तिनं ऐकलं नाही, आणि अर्ध्या वाटेवरून तिला जीपमध्ये घालून परत पाठवावं लागलं. पुढच्या दसऱ्याला बिराप्पा एकटाच निघाला, तेव्हा ती वस्तीच्या वळणापर्यंत काठी टेकत आली आणि म्हणाली, "भाकरी करपवून खाऊ नगा."

वैजनाथ चाकणला कंपनीत होता. त्यानं दोघांनाही एकेक टचचा फोन घेऊन दिला. दोघांनाही अक्षर येत नव्हतं, म्हणून बिराप्पाच्या फोनवर हरणाबाईचा फोटो आला आणि हरणाबाईच्या फोनवर बिराप्पाचा. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागायचा. रोज दिवेलागणीला तिचा फोन यायचा. आज कुठल्या शिवारात, पाणी कसं हाय, लंगडी मेंढी चालती का, सगळं ती विचारायची. शेवटी म्हणायची, "फोन जरा मेंढराकडं धरा की." बिराप्पा उठून मेंढरांभोवतीच्या वाघरीपाशी जायचा, जाळीवरून हात आत घालून फोन धरायचा. मेंढरं ओरडायची. पलीकडं हरणाबाई ऐकत राहायची.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात चाऱ्याची ओढ पडली. बिराप्पाच्या सोबतीला नेहमी चुलतभाऊ बंडप्पा असायचा. तो आपली मेंढरं घेऊन अक्कलकोटकडं सरकला. बिराप्पाची मेंढरं थोडी होती, त्यामुळं तो जळकोटच्या आसपासच राहिला.

फोन कुरकुर करायला लागला तो संक्रांतीच्या सुमारास. वायर सरळ घातली की चार्जिंग होत नसे. ती वर दाबून धरली की पडद्यावर विजेची खूण उमटायची आणि हात सोडला की जायची. ज्याच्या शेतात मुक्काम, त्याच्या घरी बिराप्पा फोन लावायचा आणि वायर बोटानं दाबून तास तासभर बसायचा. धाब्यावर बसला, देवळाच्या ओट्यावर बसला. दोन वेळा त्यानं चार्जर बदलून बघितला. एकदा कुणीतरी सांगितलं म्हणून फोन उन्हात ठेवला.

शेवटचं बोलणं झालं तेव्हा फोनवर लाल रेघ होती.

"पाठीत भरल्यावानी झालंय जरा," हरणाबाई म्हणाली.

"शेक घे. वजन उचलू नगंस."

"कोण उचलतंय! समृद्धी हाय की." समृद्धी ही नात, वैजनाथची मुलगी. ती आणि तिची आई वस्तीवर हरणाबाईजवळच राहत. "तुमी जेवला का?"

बिराप्पानं जेवलो म्हणून सांगायच्या आत फोन विझला. त्यानंतर वायर कितीही दाबली तरी खूण उमटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मुक्काम हलवला. जळकोट सोडून तो नळदुर्गच्या अंगाला, बब्रुवान नावाच्या शेतकऱ्याच्या रानात आला. बब्रुवान जुन्या ओळखीचा होता. त्याच संध्याकाळी त्यानं आपल्या घरच्या सगळ्या वायरी लावून बघितल्या आणि मान हलवली. "आण्णा, नंबर सांगा. माझ्या फोनवरून लावून देतो."

"नंबर ठावं न्हाय बाबा. म्या फोटूवर दाबतो."

बब्रुवान जरा विचार करून म्हणाला, "मग आसं करू. तुमचं कार्ड काढून माझ्या फोनात घालू. कुणी लावला तर फोन तर येईल."

बिराप्पानं फोन उचलून छातीशी धरला. कार्ड काढलं की हरणाबाईचा फोटो जाईल, असं त्याला वाटलं. एकदा फोटो गेला की कुणाला दाबायचं? "नगं," तो म्हणाला. "दुकानातच दावतो." बब्रुवाननं पुन्हा विचारलं नाही.

पण दुकानात जाणं लगेच जमलं नाही. दोन मेंढ्या व्यायला टेकल्या होत्या, आणि एकट्या माणसाला कळप टाकून निघता येत नव्हतं. रोज दिवेलागण झाली की बिराप्पा काळा फोन हातात घेऊन बसायचा. पाठीचं दुखणं कमी झालं असेल का, हा एकच विचार. हरणाबाई रागावली असेल, असंही त्याला वाटायचं. चार गोष्टी सुनावल्याशिवाय ती आता मेंढरांचा आवाज ऐकायची नाही.

मेंढ्या व्याल्या, कोकरं उभी राहिली. बाजाराच्या दिवशी बब्रुवाननं आपला गडी मेंढरांपाशी बसवला आणि बिराप्पाला मोटारसायकलवर नळदुर्गला सोडलं.

हायवेच्या कडेला दुकानांची रांग होती, त्यात करिश्माचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तिशीतली बाई, समोर दिवा लावलेलं भिंग, पुढ्यात उघडे पडलेले फोन. बिराप्पानं मुंडाशाच्या टोकात गुंडाळलेला फोन सोडून तिच्या पुढं ठेवला.

"चार्ज हुईना माय. लई दिस झालं."

करिश्मानं आधी स्वतःची वायर लावली. मध्ये एक छोटा मीटर होता, त्यावर शून्य. दुसरी वायर, दुसरा चार्जर, तरी शून्यच. "मामा, वायर पूर्ण आत जातच न्हाई बघा. आत काहीतरी बसलंय." तिनं फोनचं तोंड भिंगाखाली धरलं आणि बारीक सुई आत घातली. हळूहळू करड्या रंगाचा एक घट्ट बोळा बाहेर आला. लोकर होती ती, धुळीनं आणि तेलानं दगडासारखी झालेली.

"हे कुठून आलं?" तिनं विचारलं.

"घोंगड्यात गुंडाळून ठिवतो थंडीचा," बिराप्पा म्हणाला.

वायर आता आत बसली, पण मीटर हलला नाही. रोज वर दाबून दाबून आतली पिनही निखळली होती. करिश्मानं फोन उघडला. "पिन बदलावी लागंल. बसा मामा, चहा सांगते."

"फोटू जाईल का?"

"फोटो? न्हाई जायचा. काहीच जात न्हाई."

तिनं गरम हवेनं जुनी पिन सोडवली, थिनरनं जागा पुसली, नवी पिन बसवून सोल्डरचे चार टाके दिले. मीटरवर आकडे हलले. तरी पडदा काळाच. बॅटरी पार उतरली होती, तिला थेट करंट देऊन जागं करावं लागलं. "आता थोडा वेळ द्यायचा," ती म्हणाली.

त्या थोड्या वेळात बिराप्पा बोलत राहिला. हरणाबाईचे गुडघे, तिची पुढं निघायची घाई, घोडा तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे, ते सगळं. करिश्मा दुसऱ्या फोनचं काम करत हुंकार देत होती. "लई रागावली असंल," बिराप्पा म्हणाला. "पण आमची हरणा रागावली तरी फोन करतीया. बघा तुमी, चालू झाला की लगेच वाजंल."

पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं. मग मिनिटभर काही नाही. आणि मग एकामागून एक घंटी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. फोन बंद असताना कुणी कुणी फोन केले होते, त्याचे मेसेज उतरत होते. बिराप्पाचा चेहरा फुलला. "म्हणलं नव्हतं व्हय! वाट बघतीया."

करिश्मानं सवयीनं पडद्याकडं बघितलं. वैजनाथ, वैजनाथ, हरणाबाई, बंडप्पा, पुन्हा वैजनाथ. खाली एक लिहिलेला मेसेज होता. "आण्णा, आई गेली. जिथं असाल तिथून फोन करा." मेसेजची तारीख आठवड्यापूर्वीची होती.

तिनं फोन पटकन उलटा केला. "मामा, वैजनाथ कोण?"

"पोरगं माझं."

"आधी त्यांना लावू या का? मी लावून देते."

"त्याला मागनं. आधी तिला," बिराप्पा म्हणाला, आणि तिच्या हाताखालून त्यानं फोन ओढून घेतला. करिश्मा "मामा, थांबा" म्हणेपर्यंत त्याचं बोट फोटोवर टेकलं होतं.

पलीकडं लगेच उचलला गेला.

"हरणे, फोन बिघडला हुता गं. आता नवी पिन घातली. तुला वाटलं असंल म्हातारा मेला का काय. पाठ कशी हाय? शेक घेतला का? दोन कोकरं झाली, दोन्ही माद्या..." तो थांबला. "हरणे?"

"आण्णा," वैजनाथचा आवाज आला. "आण्णा, तुमी कुठं हाय?"

पुढचं करिश्माला ऐकू आलं नाही. बिराप्पा एवढंच म्हणत होता, "व्हय. व्हय. व्हय." मग त्यानं फोन तिच्याकडं दिला, जसा काही दुरुस्त व्हायचा राहिला होता, आणि स्टुलावर बसला. चहाचा पेला त्याच्या पायाशी निवून गेला होता.

करिश्मानं बिराप्पाला विचारून वैजनाथला बब्रुवानच्या शेताचा पत्ता सांगितला, शटर ओढलं आणि स्कूटीवरून त्याला तिथं नेलं. बिराप्पा मेंढरांजवळ गेला नाही. बांधावर बसला. बब्रुवान आला आणि त्याला सगळं कळलं, तेव्हा दोघांची नजर एकदा भेटली. कार्डाचं नाव कुणीच काढलं नाही.

वैजनाथनं कळवल्यावर संध्याकाळी बंडप्पा येऊन पोचला. गेले सहा-सात दिवस तो जळकोटची शिवारं पालथी घालत होता. बिराप्पा जिथून निघाला त्याच शेतात तो दुसऱ्या दिवशी पोचला होता. शेतकऱ्यानं सांगितलं, कालच गेले, कुठं ते ठाऊक नाही. बंडप्पानं मेंढरं ताब्यात घेतली. पहाटेच्या एसटीनं बिराप्पा तुळजापूर, धाराशिव करत भूमला गेला.

वस्तीवर दुसऱ्या दिवशी दहावा होता. बायका त्याला बघून रडल्या, मग गप्प झाल्या. हरणाबाईची बहीण सारजाबाई मात्र थांबली नाही. "रातभर वाट बघितली, दुसऱ्या दिशी दिसभर बघितली. शेवटी तुमच्याबिगर माती दिली दाजी. फोन बंद करून कुठं बसला हुतात?"

हरणाबाईचं काय झालं, ते समृद्धीनं त्याला सांगितलं. फोन विझला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाठीत कळ आली, मग छातीत. शेजारची जीप मिळाली. समृद्धी आजीला धरून मागं बसली होती आणि एका हातानं आजोबांना फोन लावत होती. "बंद लागतोय, आजी," असं तिनं सांगितलं, तेव्हा आजी म्हणाली, "बॅटरी उतरली असंल त्यांची. सांजच्याला लावतील." दवाखाना यायच्या आधीच तिनं डोळे मिटले.

बिराप्पानं ते पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पोरगी प्रत्येक वेळी तेच शब्द सांगायची, न कंटाळता.

दहावा झाला. वैजनाथ आणि तो ओट्यावर बसले असताना बिराप्पा एकदम म्हणाला, "बब्रुवान म्हणत हुता कार्ड काढू. म्या काढू दिलं न्हाय. फोटू गेला असता."

वैजनाथनं बापाकडं बघितलं. कार्ड काढल्यानं काही गेलं नसतं, हे त्याला माहीत होतं. फोन आला असता, आण्णा निघाले असते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, मातीच्या आधी पोचले असते. "व्हय आण्णा," तो म्हणाला. "गेला असता फोटो. बरं केलंत."

बिराप्पानं मान हलवली. त्याला ते पटलं की नाही, हे वैजनाथला कधी कळलं नाही.

मेंढरं त्यानं बंडप्पाकडंच ठेवली. पुढच्या दसऱ्याला बंडप्पा निरोप घ्यायला आला, पण बिराप्पा निघाला नाही. जन्मात पहिल्यांदा तो हिवाळ्यात घरी राहिला. सकाळी ऊन कुठल्या भिंतीवर आधी येतं, वारा कुठल्या फटीतून शिरतो, दुपारी वस्ती कशी सामसूम होते, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. हरणाबाईनं तीन हिवाळे इथं काढले होते.

एका सकाळी त्यानं समृद्धीला विचारलं, "आजी थंडीची कुठं बसायची गं?"

तिनं घराच्या मागची बाजू दाखवली. बाभळीच्या खोडाला टेकून एक सपाट दगड होता. तिथं ऊन लवकर येत होतं. बिराप्पा जाऊन बसला. समृद्धी शाळेला निघून गेली, तरी तो ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथंच बसून होता.