कागदाचे पाय

लादीवर लाल ठिपके दिसले ते मी आधी पुसून टाकले. ह्यांनी विचारलं, "कुंकू सांडलंस का गं?" मी नाही म्हटलं आणि फडकं धुवायला मोरीकडे गेले. वळून बघते तर माझ्या मागे मोरीपर्यंत नवे ठिपके. खाली बसून तळवा वर केला. टाचेच्या जरा पुढे काचेचा तुकडा रुतला होता, बोटाच्या पेराएवढा. दुखत काहीच नव्हतं. मला भीती वाटली ती रक्ताची नाही, त्या न दुखण्याची.

आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात तळमजल्यावर राहतो. बिल्डिंगच्या मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत अरुंद पट्टा आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे फुटक्या लाद्या, सिमेंटची ढेकळं आणि तुटकी कमोडं पडलेली होती. कुणाच्या घराचं काम निघालं की सगळा कचरा तिथेच. खाडी जवळ, त्यामुळे जमीनही खारट. दरवर्षी गावाहून येताना मी पिशवीभर लाल माती आणत गेले. एसटीचा कंडक्टर विचारायचा, "काय आहे यात, तांदूळ?" मी मान हलवायची. पुरी बारा वर्षं गेली त्यात. आता तिथे अळू आहे, लाल माठ, मिरच्या, कारल्याचा वेल आणि भिंतीलगत गवती चहा. मला चारचौघींत बसून बोलता येत नाही. कुणी काही विचारलं की मी उठून चहा टाकायला जाते. त्या पट्ट्यात मात्र मी दोन-दोन तास असते आणि मला कुणाची अडचण होत नाही.

तिथे मी अनवाणीच जायची. पेरलेल्या मातीत चपला न्यायच्या नाहीत हे आईने शिकवलं. रत्नागिरीकडे आमच्या शेतात बांधावर चपलांची रांग असायची आणि माणसं आत. माती कोरडी आहे की आत ओल आहे हे आई पाय ठेवूनच सांगायची. मीही तसंच करत आले. म्हणजे तसंच करतेय असं मला वाटत होतं.

साखर मला सात-आठ वर्षं आहे. गोळ्या चालू आहेत. काचेनंतर ह्यांनी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पाय टेबलावर ठेवायला सांगितला, हातात सुतासारखी बारीक नायलॉनची काडी घेतली आणि म्हणाल्या, "काकी, डोळे मिटा. टोचलं की हो म्हणायचं."

मी डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला. मला वाटलं, त्यांना फोन आला असेल. शेवटी मीच म्हटलं, "करा ना सुरू."

"झालं, काकी. दहा ठिकाणी टोचलं."

डोळे उघडले तर हे भिंतीकडे बघत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

म्हणजे वर्षभर तरी मी मातीत फक्त डोळ्यांनी चालत होते. पायांना काही कळत नव्हतं आणि मला ते माहीत नव्हतं.

बाईंनी सांगितलं, "पायात नीट काही घातल्याशिवाय मातीत उतरायचं नाही. रोज संध्याकाळी आरशात तळवे बघायचे. आणि जखम झाली की लगेच यायचं. अशा जखमांनी बोट काढावं लागतं, काकी, मी घाबरवत नाहीये."

रिक्षात हे म्हणाले, "ऐकलंस ना? मातीत उतरायचं नाही."

मी हळू म्हटलं, "पायात घातल्याशिवाय, असं म्हणाल्या त्या."

"तेच ते."

"तेच नाही."

मी ह्यांना कधी उलट बोलत नाही. रिक्षावाल्यानेही आरशातून बघितलं. मी बाहेर बघत राहिले, पण शब्द मागे घेतला नाही.

टाच भरल्यावर मुलगी मला स्टेशनजवळच्या चपलांच्या दुकानात घेऊन गेली. ती नोकरी करते. त्या दिवशी तिला उशीर होत होता आणि दुकानात गर्दी होती. दुकानदाराने मागे पट्टा असलेले रबरी सॅंडल काढले. "आंटी, चल के देखो. कहीं चुभता है?"

मी चार पावलं चालले. "नहीं."

"टाइट तो नहीं?"

"नहीं."

खोटं बोलले नाही. कुठेच टोचत नव्हतं, कुठेच घट्ट नव्हतं. कुठेच काही नव्हतं. पण 'मला कळत नाही' असं त्या गर्दीत, त्या बायकांसमोर, माझ्याच्याने बोलवेना. आणि मुलगी घड्याळ बघत होती.

पहिले दोन दिवस आरसा राहून गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धरला तर करंगळीच्या बाजूची कातडी सोलवटलेली. सॅंडलचा पुढचा पट्टा घासून घासून आत मांस दिसत होतं. मी त्या पायाने दोन दिवस वाफे खुरपले होते.

मग तीन आठवडे घरात. दर दोन दिवसांनी पट्टी बदलायची, पाय उशीवर ठेवायचा. खिडकीतून मागचा भाजीचा पट्टा दिसायचा. पाणी हे घालायचे, मनापासून घालायचे, पण पाइपला बोट लावून लांबून फवारा मारायचे. माठाची कोवळी रोपं जमिनीवर आडवी झाली. मी खिडकीतून सांगायची, "मुळाशी, मुळाशी!" ते म्हणायचे, "पाणी पाणीच असतं. पाऊस काय मुळाशी पडतो?"

जखम सुकली त्या दिवशी हे समोर खुर्ची ओढून बसले. "आता पुरे. मी खिडकीत कुंड्या लावून देतो. चार, पाच, हव्या तेवढ्या."

"अळू कुंडीत लावू?"

"अळू बाजारात मिळतो."

"मिळतो."

"मग? बोट गेलं तर काय करशील?"

त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. घाबरले होते ते. मीही घाबरले होते. बोट गेलं तर मागचा पट्टाही जाणार, हे मला कळत होतं. पण कुंड्या लावायला हो म्हटलं असतं तर तो त्याच दिवशी गेला असता.

मी म्हटलं, "अजून एक जोडी बघते. तिने जमलं नाही तर मी स्वतः मागच्या दाराला कडी लावीन. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

ते उठले. "एकच," म्हणाले.

तेव्हा मी नीट विचार करायला बसले. मी चौथीनंतर शाळेत गेले नाही, पण लग्नानंतर वीस वर्षं घरी साड्यांना फॉल-बिडिंग केलं, ब्लाउज शिवले. दुसऱ्या बाईच्या अंगाला ब्लाउज कुठे दाटतो हे मला कधी जाणवलं होतं? नव्हतंच. तरी बसायचा, कारण माप घेतलेलं असायचं. माझे पाय आता दुसऱ्या बाईचे आहेत असं धरून चालायचं, असं मी ठरवलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की संध्याकाळी पाय सुजतात, माप तेव्हाचं घ्यावं. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद पालथा घालून मी त्यावर दोन्ही पायांवर भार देऊन उभी राहिले. मुलगी खाली बसून पेन्सिल फिरवायला लागली.

"आई, हलू नको. आणि हसतेस काय?"

"मी कुठे हसतेय? तूच गुदगुल्या करतेयस."

ती थांबली. "लागल्या?"

"नाही गं. लागायला हव्या होत्या असं म्हणतेय."

पुढे मात्र अगदी सावकाश, करंगळीचा बाक धरून तिने पेन्सिल फिरवली. मी अंगठ्यापुढे एक बोटभर जागा वाढवली आणि कात्रीने दोन्ही पाय कापले. उजवा डाव्यापेक्षा रुंद निघाला. इतकी वर्षं मला ते ठाऊक नव्हतं.

कागदाच्या पायांचा एक फायदा लगेच कळला. पाय संध्याकाळचे असले तरी दुकानात दुपारी जाता येतं. भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी एकटी निघाले. पिशवीत कागद आणि पोती शिवायचं दाभण. दारापाशी पोहोचले तर आत दोन बायका बसलेल्या. मी पुढे गेले, कोपऱ्यावरून वळून परत आले, त्या अजून तिथेच. तिसऱ्या फेरीला स्वतःलाच म्हटलं, आता चढ. आणि चढले.

दुकानदाराने ओळखलं. "आओ आंटी. पिछली बार का अच्छा निकला ना?"

"नहीं," मी म्हटलं. "उससे जखम हुआ."

दोन्ही बायकांनी माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले. दुकानदाराचं तोंड उतरलं. "पर आप तो बोले थे बराबर है."

"मेरी गलती. अभी बंद बूट दिखाओ. मिट्टी में काम करने का."

त्याने गुडघ्यापर्यंतचे गमबूट काढले. मी कागद आत सरकवला. वर पोटरीचा घेर सैल होता, पण पुढे कागदाची कड दुमडली. "इधर मुड़ता है. दूसरा."

"आंटी, पैर डालो ना! कागज क्यों डालते हो?"

हीच ती जागा होती. मागच्या वेळी इथेच मी गप्प बसले होते. मी म्हटलं, "मेरे पाव को समजता नहीं. कागज को समजता है." आणि एकदा सुरुवात झाल्यावर पुढचंही सांगितलं. साखर, काच, करंगळी, सगळं. आवाज बारीक होता, पण सगळं सांगून होईपर्यंत थांबले नाही.

तो म्हणाला, "लाओ," आणि कागद स्वतःच हातात घेतला. त्यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही. फुलांच्या नक्षीचे लेडीज बूट, टोक निमुळतं. कागद दुमडला. "ये फेल." कापडी बूट. कागद बसला, पण ओल लागली की कापड भिजून घासणार, आणि काटा सरळ आत येणार. "ये भी फेल." त्या दोघींतली एक स्वतःची खरेदी विसरून बघत बसली. "भैया, जेंट्स में देखो," ती म्हणाली. "उनका पंजा चौड़ा आता है."

त्याने वरच्या फळीवरून पुरुषांचे काळे रबरी पावसाळी बूट काढले. घोट्याच्या खाली येणारे, पुढून गोल आणि पूर्ण बंद. सहा नंबर. दोन्ही कागद आत सपाट बसले, उजवाही. मी हात घालून आतून बोटं फिरवली. कुठे शिवण नाही, कुठे कड नाही. मग पिशवीतून दाभण काढलं.

"अरे अरे! जूता पंक्चर करोगे क्या?"

"तळवा बघू दे. नहीं टिका तो भी पैसा मैं देगी."

टाचेच्या बाजूने जोर लावून दाभण टोचलं. अर्ध्यावर जाऊन अडलं. आत हात घालून बघितलं, टोक वर आलं नव्हतं. बाजूची बाई टाळी वाजवून म्हणाली, "पास!" मीही हसले. अनोळखी माणसांत मी कधी हसल्याचं आठवत नाही.

घरी हे बूट उलटेपालटे करून बघत बसले. "हे तर पुरुषांचे. बिल्डिंगवाले मला विचारतील, तुमची बायको वॉचमन झाली का?"

"विचारू देत."

"बरं, विचारू देत." मग म्हणाले, "पण तळवे रोज मी बघणार. तू नाही."

"तुम्ही कशाला?"

"तू काही नाही म्हणून सांगशील. तुझ्यावर माझा विश्वास नाही."

दुसऱ्या दिवशी सुती मोजे घातले, त्यावर बूट, आणि वाफ्याच्या कडेला उभी राहिले. पाय उचलेना. आई ओरडेल असं वाटत होतं. मग मनाशी ठरवलं की हे बूट रस्त्यावर कधी जाणार नाहीत. मागच्या दारातून माती आणि मातीतून मागचं दार, तेवढीच त्यांची वाट. आईने नको म्हटलं होतं ते रस्त्यावरची घाण पिकात नेऊ नये म्हणून, असं मी धरलं. खरं कारण विचारायला ती नाही. ओल बघायला वाकून बोट मातीत खुपसलं. आत ओल होती. बोटाला कळलं.

पहिल्या दिवशी अर्धाच तास. संध्याकाळी ह्यांनी चष्मा लावला, माझा पाय मांडीवर घेतला आणि मोबाईलच्या उजेडात एकेका बोटाची फट बघितली. मला लाज वाटून मी पदर तोंडावर घेतला. "काही नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाऊण तास. काही नाही. आठव्या दिवशी करंगळीच्या जुन्या जागी लाली दिसली. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "उद्या सुट्टी. परवा बघू." कडी लाव, असं म्हणाले नाहीत. परवा लाली गेली होती. तेव्हापासून उजव्या पायात मी पातळ मोजा घालते.

आता माठ पुन्हा उभा राहिला आहे. पाणी मी घालते, मुळाशी.

आज सकाळी नेहमीसारखे बूट उलटे करून आपटले. काही पडलं नाही. तरी आत हात घातला. पुढे बोटांच्या जागी काहीतरी चिकटलं होतं, ओढून काढलं. कारल्याची बी, वाळलेली, कडेला खरबरीत. मागच्या दाराशी वेलाखाली बूट ठेवले तेव्हा पडली असणार. ती घेऊन मी दोन तास चालले असते आणि संध्याकाळी ह्यांच्या मांडीवर सगळं संपलं असतं.

बी भिंतीलगत मातीत खोचली. दुसऱ्या बुटात हात घातला, मग पुन्हा एकदा पहिल्या बुटात. काही नव्हतं. बूट चढवले आणि अळवाकडे गेले.