पेटायला नको होता असा दिवा

आमच्या शास्त्राच्या मास्तरांइतके फसलेले प्रयोग सबंध कुलाबा जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केले नसतील, आणि प्रयोग फसल्यावर इतका खूश होणारा माणूस तर मी पुढे मुंबई-पुण्यातही पाहिला नाही. प्राणवायूच्या बाटलीत विझत आलेली काडी घातली की ती भपकन पेटते, असं पुस्तकात छापलेलं असतं. मास्तरांच्या बाटलीत चांगली पेटलेली काडी विझायची. मुलं हिरमुसायची, पण मास्तरांचा चेहरा उजळायचा. "बघा, काय सुरेख विझली!" असं म्हणून ते टेबलावरच मांडी ठोकून बसत, आणि मग ती का विझली याचा शोध तास संपून मधली सुट्टी उलटली तरी चाले. त्यामुळे प्राणवायू कसा करावा हे कर्जतच्या आमच्या शाळेत कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. पण तो कोणकोणत्या कारणांनी होत नाही, हे मात्र पोरं झोपेतसुद्धा सांगत.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवत असे. पगार दोघांचेही बेताचे, म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक खोली घेतली होती. स्वयंपाक हाताने करायचा. भात मी लावायचा आणि दूध त्यांनी तापवायचं, अशी वाटणी होती. ते रोज चुलीपुढे उकिडवे बसून दुधावर नजर लावत आणि दूध रोज उतू जाई. एकदा मी चिडून म्हणालो, "अहो, तुम्ही इथेच बसला होतात ना? बघत नव्हतात का?"

"बघतच होतो," ते म्हणाले. "फार बघण्यासारखं असतं हो ते!"

माझी छत्री त्यांनी उघडली ती कायमची. तिची काडी न् काडी वेगळी करून ती मिटते कशी हे त्यांना कळलं, पण त्यानंतर ती काही मिटली नाही. माझ्या गजराच्या घड्याळाचीही हीच गत झाली. ते पुढे स्वतःला वाटेल तेव्हा वाजे. नेरळला माथेरानची छोटी गाडी बघायला गेलो, तर सगळे आत बसून डोंगर बघत होते आणि हे तिची चाकं वळणावर कशी वळतात ते पाहायला रुळांच्या कडेने पळत होते. त्यांच्यावर रागावावं तर ते इतक्या निर्मळपणे "का बरं असं झालं असेल?" असं विचारत, की मीही राग विसरून त्यांच्याबरोबर मोडक्या वस्तूवर वाकत असे.

महायुद्धाचे दिवस होते. रॉकेल मोजून मिळे, तांब्याची तार डोळ्यांना दिसत नसे. अशात शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांच्या डोक्यात आलं की कर्जत-खालापूरकडच्या शाळांचं एक शास्त्र-प्रदर्शन भरवावं. मुलांनी स्वतः काहीतरी करून मांडायचं, आणि प्रदर्शन आमच्याच शाळेत. हेडमास्तरांनी आम्हा दोघांना बोलावलं. हेडमास्तर वाईट नव्हते. फक्त दिपोटी हा शब्द ऐकला की त्यांना घाम फुटे. ते मास्तरांना म्हणाले, "हे पाहा, तुम्ही अजून कायम झालेला नाहीत. या खेपेला साहेबांसमोर काहीतरी झालं पाहिजे. काय होत नाही याचं व्याख्यान नको. नाहीतर येत्या जूनपासून शास्त्र मी ड्रिलमास्तरांना देईन."

खोलीवर येताना मी काळजीत होतो. मास्तर मात्र वाटेत टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांवरच्या झापडांविषयी टांगेवाल्याशी बोलत थांबले होते.

कामाला दोन मुलं निवडली. एक इंदू, बाजारातल्या भुसार व्यापाऱ्याची मुलगी. सगळ्या शाळेत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली ही सगळ्यांत धीट. दुसरा कोंडाण्याचा धर्मा, शेतकऱ्याचा पोरगा. डोंगरातून रोज चालत शाळेत येई आणि फारसं बोलत नसे. पण बोलला की समोरच्याचं बोलणं संपे. काय करायचं यावर आठवडाभर खल चालला. मास्तरांना एकेक विषय सुचे आणि तो फसण्याच्या वाटा दिसू लागल्या की त्यांना आणखीच आवडू लागे. शेवटी इंदूच म्हणाली, "मास्तर, खोपोलीला पाण्यावर वीज करतात. मुंबईतल्या गिरण्या तिच्यावर चालतात म्हणे. आणि आपल्या घरात मात्र चिमणी. आपण तेच करून दाखवू या." मास्तरांनी टाळी वाजवली. डोंगर करायचा, डोंगरावरून पाणी सोडायचं, खाली चाक फिरवायचं आणि चाकावर दिवा लावायचा, असं ठरलं.

एका रविवारी आम्ही चौघं खोपोलीला गेलो. घाटाच्या डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे ते प्रचंड नळ लांबून पाहायचे आणि मी त्यांचं चित्र काढायचं, असा बेत होता. मी एका दगडावर बसून कागदावर दोन रेघा मारतो न मारतो तोच एक काठीवाला पहारेकरी धावत आला.

"कसला कागद हाय त्यो? इकडं आना. ठावं नाय काय, लढाई चाललीय ती?"

मी गांगरून उभा राहिलो. मास्तरांना मात्र माहीतगार माणूस भेटल्याचा आनंद झाला. "तुम्ही रोज इथे असता? वा! मग सांगा, पाणी वरून किती जोराने येतं? रात्री बंद करतात का? एखादा नळ फुटला तर काय होईल हो?" शत्रूच्या हेराला जे जे विचारायचं असेल, ते सगळं त्यांनी ओळीने विचारलं. पहारेकऱ्याने माझी मान धरली. आता बेड्या पडणार असं मी धरून चाललो होतो, तेवढ्यात धर्मा पुढे झाला.

"आवो दादा, सोडा त्येंला. ह्ये हेर नायत, आमचं शास्तराचं मास्तर हायत. ह्येंचं कायबी पेटत नाय."

पहारेकऱ्याने मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुडत्यावर शाईचे आणि आम्लाचे डाग होते, एका वहाणेला सुतळी बांधलेली होती. त्याची खात्री पटली. त्याने माझा कागद काढून घेतला आणि आम्हाला स्टेशनच्या वाटेला लावलं. गाडीत बसल्यावर मास्तर फक्त एवढंच म्हणाले, "धर्मा, तू माझी फार नेमकी ओळख करून दिलीस." त्यात टोमणा नव्हता. त्यांना ती ओळख खरोखरच पटली होती.

मग बांधकाम सुरू झालं. शाळेमागच्या आंब्यावर मचाण बांधून त्यावर पाण्याचं पिंप चढवलं. धर्माने कोंडाण्याहून बांबू आणले. त्यांच्या गाठी फोडून नळ केला. खाली माती आणि शेणाचा डोंगर रचला आणि मी तो हिरव्या-तांबड्या रंगाने रंगवला. पिंपाचं पाणी सोडलं की डोंगर विरघळे. पुन्हा रचायचा, पुन्हा रंगवायचा. इतके डोंगर मी त्याआधी कधी रंगवले नव्हते आणि त्यानंतरही नाहीत. चाक अडगळीतल्या एका मोडक्या चरख्याचं घेतलं आणि त्याच्या कडेने आमच्या घरातल्या सगळ्या पळ्या बांधल्या. महिनाभर आम्ही आमटी वाटीने वाढून घेतली. वीज करणारा डबा हेडमास्तरांच्या सायकलवरचा. तो त्यांनी जड मनाने दिला आणि संध्याकाळी काळोखात घंटी वाजवत ते घरी जाऊ लागले. चाकावरून त्या डब्यापर्यंत चरख्याचीच दोरी आली. आणि टोकाला करंगळीएवढा एक काचेचा दिवा.

दिवा पेटला नाही. दोरी घसरली. ती घट्ट केली तर चाक अडलं. चाक सैल केलं तर पळ्या उडाल्या आणि एक हेडमास्तरांच्या खिडकीतून आत गेली. धर्मा आणि इंदू शाळा सुटल्यावर रोज विहिरीवरून घागरी आणत, पिंप भरत आणि पाणी सोडत. मास्तर प्रत्येक वेळी नवं कारण शोधत आणि नव्याने हरखत. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी खडूने फळ्यावर लांबलचक हिशोब मांडला आणि समाधानाने हात झटकले.

"पक्कं झालं," ते म्हणाले. "चाकाचा वेग हवा त्याच्या निम्मासुद्धा नाही. हा दिवा पेटणं शक्यच नाही. उद्या साहेबांना मी हेच सांगतो, अगदी मुद्देसूद."

"अहो, आणि तुमची नोकरी?" मी म्हणालो.

"हो, तीही आहेच," असं म्हणून ते फळ्यावरची एक बेरीज पुन्हा तपासू लागले. इंदू कोपऱ्यात घागरीवर बसून रडू दाबत होती. शिकून काय दिवे लावणार, असं म्हणून तिच्या बापाने तिला जूनपासून घरीच बसवायचं ठरवलं होतं आणि उद्या तो स्वतः बघायला येणार होता. मास्तरांना तिने तेव्हा ते सांगितलं. त्यांनी फळा पुसला. मी त्यांना हिशोब अर्धवट सोडताना प्रथमच पाहिलं. "चला," ते म्हणाले, "आणखी एकदा सगळं बांधून बघू." दिवेलागणीपर्यंत आम्ही चौघं त्या चाकाशी झटत होतो.

प्रदर्शनाच्या दिवशी पटांगण फुललं होतं. खोपोलीच्या मुलांनी साबण केला होता, कोणी नारळांच्या चंद्रकला मांडल्या होत्या. इंदूचे वडील हाताची घडी घालून आंब्याखाली उभे होते. दिपोटीसाहेब हार गळ्यात घेऊनच आमच्याकडे आले. धर्माने पिंपाचं बूच काढलं. पाणी बांबूतून सूं करत आलं, पळ्या गरगरल्या, दोरी थरथरली आणि तो करंगळीएवढा दिवा पेटला. आधी लालसर, मग पिवळा, मग चांगला लख्ख.

पोरांनी असा गलका केला की आंब्यावरचे कावळे उडाले. इंदूने न अडखळता सगळं समजावून सांगितलं. साहेब "वा, वा" म्हणाले. हेडमास्तरांनी रुमालाने कपाळ पुसलं. इंदूच्या वडिलांनी हाताची घडी सोडली, ते दिव्यापाशी वाकले आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "पोरगी आमची." सगळं इतकं छान चाललं होतं. फक्त मास्तर पांढरेफटक पडून दिव्याकडे बघत होते.

"काही अडचणी आल्या का?" साहेबांनी जाता जाता विचारलं.

"अडचण एकच आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "हा दिवा पेटायला नको होता."

हेडमास्तरांनी डोळे मिटले. धर्मा मचाणावरून ओरडला, "मास्तर, पेटलाय ना, मंग ऱ्हाऊ द्या की!" पण मास्तर साहेबांना निम्म्या वेगाचा हिशोब सांगू लागले होते. साहेब आधी हसले, मग त्यांनी भुवया आवळल्या, मग कोट काढून माझ्या हातात दिला आणि मास्तरांच्या शेजारी उकिडवे बसले. ते तरुणपणी शास्त्रच शिकवत असत, हे आम्हाला नंतर कळलं. दोघांनी मिळून दोरी काढली, पळ्या मोजल्या, डबा उघडला. सगळं पुन्हा जोडलं आणि पाणी सोडलं. दिवा पेटला नाही. पुन्हा सोडलं, तेव्हा डोंगर खचला आणि साहेबांच्या बुटांवरून माझा हिरवा रंग वाहत गेला. त्यांची गाडी चुकली. बक्षीस खोपोलीच्या साबणाला मिळालं, आणि साहेबांनी पहिल्यांदा तोच वापरून हात धुतले.

हेडमास्तर दोन दिवस मास्तरांशी बोलले नाहीत. ड्रिलमास्तर शास्त्राचं पुस्तक मागून घेऊन गेले. इंदूचं मात्र नाव काही शाळेतून निघालं नाही. दिवा पेटलेला बापाने डोळ्यांनी पाहिला होता, पुढचा गोंधळ सुरू होण्याआधीच तो दुकानाकडे परतला होता. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी साहेबांचा निरोप आला, की पुण्याच्या एका मोठ्या शाळेत शास्त्राची जागा आहे, कायमची, आणि ती त्यांनी आमच्या मास्तरांसाठी बोलून ठेवली आहे. हे ऐकून हेडमास्तर खवळले. "आमचा माणूस न विचारता नेतात म्हणजे काय?" असं म्हणत त्यांनी आठवडाभर मास्तरांना सोडायचंच नाकारलं. शेवटी निरोपाच्या दिवशी मास्तरांच्या गळ्यात हार त्यांनी स्वतःच घातला.

स्टेशनवर मी, धर्मा आणि इंदू गेलो होतो. घाट चढवण्यासाठी पुण्याच्या गाडीला कर्जतला मागून आणखी एक इंजिन लावतात. मास्तर वळकटी माझ्याकडे देऊन ते पाहायला शेवटच्या डब्याकडे गेले आणि तिथेच रमले. शिट्टी झाली तशी आम्ही त्यांना हाताला धरून आणलं, डब्यात चढवलं आणि वळकटी खिडकीतून आत लोटली.

"मास्तर," धर्मा खाली मान घालून म्हणाला, "तिकडली पोरं लय हुशार असतील. समदं पयल्याच खेपेला पेटवतील. तुमाला करमायचं नाय."

मास्तर चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. गाडी हलली. इंदू डोळ्यात धूळ गेली म्हणाली. मागचं विजेचं इंजिन आमच्या समोरून घरघरत गेलं आणि घाटाच्या वळणापर्यंत दिसत राहिलं.

संध्याकाळी खोलीवर आलो, चूल पेटवली आणि सवयीने दोघांचा भात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोडणीचा भात करून मी एकटाच खात बसलो. खोली इतकी मोठी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.