गौरीचा डोळा आणि माझ्या पाठीवरचे डाग

"ऑप्टिक पाथवे ग्लायोमा," डॉक्टर म्हणाले. कागदावर त्यांनी दोन डोळे काढले, त्यांच्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रेघा ओढल्या आणि उजव्या रेघेवर पेनानं एक गोळा केला. डोळ्यानं पाहिलेलं मेंदूपर्यंत नेणारी जी नस असते, तिच्यावर आलेली ही गाठ. माझी मुलगी गौरी तेव्हा नऊ वर्षांची होती. नागपूरच्या त्या खोलीत ती आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

मग त्यांनी तिच्या पोटावरचे, मांड्यांवरचे चहाच्या रंगाचे डाग मोजले. "न्यूरोफायब्रोमॅटोसिस. जन्मजात आजार आहे. असे डाग असतात, पुढे नसांवर गाठी येतात, काही मुलांना मेंदूतही. बरेचदा आईकडून किंवा वडिलांकडून येतो. घरात आणखी कुणाच्या अंगावर आहेत असे डाग?"

मी टेबलाकडे पाहत राहिलो.

माझी बायको संगीता म्हणाली, "नाही साहेब. हे गिऱ्हानाचे आहेत. मायीच चुकी झाली."

आम्ही वाशीमजवळ भाजीपाला पिकवतो. ग्रहणात पोटुशी बाईनं काही कापलं-चिरलं की लेकराच्या अंगावर खूण उमटते, असं आमच्याकडे अजून मानतात. गौरीच्या वेळी संगीताला पाचवा महिना होता. ग्रहण होतं आणि दुसऱ्या दिवशी बाजार. मेथी वावरात उभी होती. मीच तिला बोलावलं. तिनं विळा धरला, जुड्या बांधल्या. गौरी डाग घेऊन जन्मली, तेव्हापासून माझी आई तिला आंघोळ घालताना हटकून म्हणायची, "मेथी इकली अन् पोरीवर डाग घेतले." नऊ वर्षं. मी तिथंच जेवत असायचो.

मला खरं माहीत होतं, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

लग्नाआधी अकोल्याला माझ्या दंडावरची एक गाठ काढली होती. ती तपासून तिथल्या डॉक्टरांनी हेच लांब नाव सांगितलं होतं. प्रत्येक मुलाला हा आजार येण्याची शक्यता अर्धी, म्हणून लहानपणी दरवर्षी डोळे तपासून घ्या, असंही म्हणाले होते. सोयरीक चालू होती. तपासणीचा कागद मी एसटीच्या खिडकीतून सोडून दिला. लग्नानंतर संगीतानं पाठीवरच्या डागांचं विचारलं, तेव्हा म्हणालो, फवारणीचा पंप गळला होता, औषधानं चामडी भाजली. गाठी चरबीच्या आहेत, असं सांगून टाकलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

शाळेतल्या बाईंनी कळवलं होतं की गौरी मान वाकडी करून फळा पाहते. मी तिचा टीव्ही बंद केला. सहा महिन्यांनी ती पायरी चुकून पडली, तेव्हा कुठं वाशीमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचा डावा डोळा झाकला, समोर बोटं धरली आणि किती आहेत विचारलं.

"पण बोटं दाखवा ना," गौरी म्हणाली.

तिथून अकोल्याला एमआरआय, म्हणजे डोक्याच्या आतलं चित्र. ते घेऊन नागपूर.

त्या खोलीतून आम्ही बाहेर आलो. बाकावर संगीता रडत नव्हती. गौरीच्या केसांवरून हात फिरवत एकच म्हणत होती, "मायाच्यानं झालं, बाई." तिसऱ्यांदा तिनं ते म्हटलं आणि मला बसवेना. दोघींना घेऊन परत आत गेलो आणि डॉक्टरांसमोर शर्ट काढला.

ते रागावले नाहीत. मीच विचारलं, आधी आलो असतो तर डोळा वाचला असता का?

"कदाचित. नक्की नाही सांगता येत. पण तपासण्या सुरू असत्या तर लवकर कळलं असतं."

संगीता माझ्या पाठीकडे पाहत होती. "पंप गळला होता म्हने," एवढंच ती बोलली.

ऑपरेशन केलं तर नसच कापली जाईल, आणि या आजाराच्या मुलांना शेक, म्हणजे रेडिएशन, दिला तर पुढे नव्या गाठींचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी केमोथेरपी सुचवली. शिरेतून औषध, गाठीची वाढ थांबवण्यासाठी. वर्षाहून जास्त चाललं ते. उलट्या, विरळ झालेले केस, तोंडात फोड. कधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी भरल्या की औषध न देताच परत पाठवायचे. रिपोर्ट येईपर्यंत गौरी बाकावर झोपायची आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना.

संगीता माझ्याशी बोलत नव्हती. तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "मले कळून काय होते? तुमच्या मायले सांगा."

त्यालाही मी दोन आठवडे घेतले. एका दुपारी आई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती, तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"तू पोटात होता तवा मायी सासू मले बी गिऱ्हानच सांगे," ती म्हणाली. "तुह्या बापाच्या पाठीवर बी होते असेच. पन त्याचं नाव कोनी नाही घेतलं. म्या बी नाही."

संगीता दारात उभी होती. आईनं तिच्याकडे पाहिलं. "नाहक बोलली वं तुले मी."

संगीता शेंगांच्या टोपल्याजवळ येऊन बसली आणि सोलायला लागली.

आज गाठ जिथल्या तिथं थांबली आहे. उजव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो. डावा चांगला आहे. ठरावीक महिन्यांनी एमआरआय होतो आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला जेवण जात नाही. हे असंच चालणार, हे आता आम्ही मानलं आहे.

तुमच्या लेकराच्या अंगावर असे पाच-सहा डाग असतील, तर डॉक्टरांना दाखवा. तुमच्याही अंगावर असतील तर तेही दाखवा, आणि बायकोला आधी सांगा. उघडं पडण्याची भीती मलाही होती. माझ्या भीतीची किंमत पोरीनं दिली.

संगीता अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. पण बाजारात, दवाखान्यात, रस्त्यानं चालताना तिनं मला गौरीच्या उजव्या बाजूला ठेवलं आहे. तिकडून येणारं गौरीला दिसत नाही. एवढं काम तिनं माझ्यावर सोपवलं, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे.