हशा पिकवणारा गुरुशांत

नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात गुरुशांत तीस वर्षं साड्या उलगडून दाखवत होता. पण लोक त्याला ओळखायचे ते भाषणांमुळे. साखरपुडा असो, निरोप समारंभ असो, "गुरुशांतला बोलवा, हशा पिकवतो" असं म्हणायचे.

ही कला त्याला कुणी शिकवली नव्हती. मालकांच्या एकसष्टीला तो पहिल्यांदा बोलायला उभा राहिला, तेव्हा चार वाक्यांत बोलणं संपलं आणि लोक जेवणाच्या मांडवाकडे बघू लागले. ते मनाला फार लागलं. मग तो कीर्तनांना, सभांना जाऊन मागं बसायचा आणि लोक नेमके कुठं हसतात ते वहीत टिपून घ्यायचा. शेवटच्या शब्दाआधी थांबायचं, आपण हसायचं नाही, हे त्याला हळूहळू उमगलं. आणखी एक गोष्ट उमगली. परक्याची थट्टा केली की माणूस दुखावतो. घरच्या माणसाची केली तर भांडायला कोण येणार?

त्याची बायको शिवलीला अक्कलकोटकडच्या खेड्यातली, माहेरी सगळं कानडी. तिच्या मराठीत चहा 'आली' आणि दूध 'सांडला'. गुरुशांत हुबेहूब नक्कल करायचा, लोक पोट धरून हसायचे. आधी तीही पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून हसायची. एकदा घरी येताना रिक्षात म्हणाली,

"अहो, माझी मराठी एवढा वाईट हाय का?"

"अगं, गंमत असते ती. लोकांना आवडतीस की तू."

त्यानंतर ती कार्यक्रमांना येईनाशी झाली. त्याला वाटलं, गुडघे दुखत असतील.

गेल्या वर्षी काविळीचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात ती गेली. समाजाच्या सभागृहात शोकसभा झाली. गुरुशांत बोलायला उभा राहिला. दवाखान्यातलं तिचं शेवटचं वाक्य त्याला सांगायचं होतं.

"मी खाटेजवळ बसलो होतो. डोळे उघडले आणि म्हणाली..." त्याला थांबावं लागलं. "म्हणाली, 'तुमचा जेवण झाली का?'"

मागच्या रांगांत हशा उठला. लगेच दबला, पण उठला. सवयच ती, लोकांचा तरी काय दोष! गुरुशांत माईक हातात धरून तसाच उभा राहिला. मुलीनं, काव्यानं, त्याला खाली बसवलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "हसले गं ते."

काव्यानं त्याला पाणी दिलं. मग म्हणाली, "अप्पा, आई सात-आठ वर्षं बाहेर कुणाशी मराठी बोलतच नव्हती. भाजीसुद्धा बोट दाखवून घ्यायची. तुमच्या कधी ध्यानात आलं नाही?"

खरंच आलं नव्हतं. कुणाच्या चेहऱ्यावर कधी हसू फुटेल हे ओळखणारा माणूस तो.

आमंत्रणं अजून येतात. "दुसरं कुणी बघा," एवढंच तो सांगतो. का, ते कुणी विचारलं तर साडीची घडी घालत राहतो.