रायमुनियाचं कुंपण

माझं तोंड तिखट आहे, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. सासूबाई म्हणायच्या, हिला गप्प बसवायचं तर तोंडात घासच कोंबावा लागेल. खोटं कशाला बोलू, मला त्याचं कौतुकच वाटायचं. गायरान साफ करायचं ठरलं तेव्हा याच तोंडाने मी अख्खं गाव कामाला लावलं.

हायवेवरच्या कोहमाऱ्याकडून आमच्या गावात शिरताना डाव्या हाताला मुरमाड चढ लागतो, तेच हे गायरान. तिथे रायमुनिया माजली होती. बाकी महाराष्ट्रात तिला घाणेरी म्हणतात. फुलं दिसायला गोड, पण तिच्या बुडाशी गवताची काडी उगवत नाही आणि ढोरं तिला तोंड लावत नाहीत. आमचा ढोरकी गावभरच्या गाई घेऊन तिच्या कडेकडेने फिरायचा. रोज सकाळी गाई जमतात त्या आखरावर उभा राहून तो अशी खणखणीत हाक द्यायचा, की गल्लीगल्लीतून गोठे मोकळे व्हायचे.

धान घरात आल्यावर बचत गटाच्या आम्ही बायका कुदळी घेऊन गेलो आणि झुडपं मुळासकट उपटली. मोकळ्या जमिनीवर जंगलाकाठून आणलेलं पवना आणि मारवेल गवताचं बी फेकलं. ढोरकीही आमच्याबरोबर राबला. आता दोन पावसाळे इथे एकही ढोर शिरता कामा नये, असं मी सगळ्यांना बजावलं. तोवर त्याने गाई लांब जंगलाकडे न्यायच्या होत्या. तिकडे बिबट्याची भीती, म्हणून काही घरांनी गाई पाठवणंच बंद केलं. त्याचं पोट त्या गाईंवर होतं.

"जरा कळ काढा, भाऊ," मी म्हटलं. "मग गवतच गवत."

"हाव जी वहिनी," तो म्हणाला. "तुमी म्हणता त काढतो."

कुंपणाला मी उपटलेली रायमुनियाच लावायला सांगितली. आमच्याकडे शेताला कुंपण म्हणजे काट्याच. बोरीच्या नाहीतर बाभळीच्या फांद्या तोडायच्या आणि बांधावर रचायच्या, झालं. इथे तर काटेरी ढीग आयताच पडला होता, तो जाळायचा कशाला? ढोरकीने एकट्याने गायरानाभोवती सगळं कुंपण रचलं. झुडपांवर काळी पिकली फळं लोंबत होती. मला ती दिसलीही, पण डोक्यात काही शिरलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात गवत छान वर आलं. आणि एक दिवस बघते तर गवताच्या कडेला रायमुनियाची रोपं! माझ्या मस्तकात तिडीक गेली. धड पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही, मनाशी ठरवूनच टाकलं की ढोरकीने चोरून गाई आत घातल्या आणि त्यांच्या खुरांबरोबर बी आत आलं.

दुसऱ्या सकाळी आखरावर, सगळ्यांसमोर, मी त्याला धारेवर धरलं. "लाज नाही वाटत? एवढ्या बायकांच्या घामाची माती केली तुम्ही! यंदा गायरान उघडणार नाही."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, काठी खांद्यावर टाकली आणि राहिलेल्या गाई हाकत निघून गेला. गायरान उघडणार नाही म्हटल्यावर उरलेल्या घरांनीही गाई बांधून ठेवल्या. पोळा झाला आणि त्याची हाक बंद पडली. कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर कामाला लागला म्हणे. बरं झालं, पीडा गेली, असं मी म्हटलं. हो, मीच म्हटलं.

मग आम्ही रोपं उपटायला गेलो. दमून वर पळसाखाली बसले आणि सहज खाली नजर गेली. रोपं सगळी कुंपणालगत होती, गायरानाभोवती काढलेल्या रेघेसारखी. मध्ये एकही नव्हतं. मध्ये नुसतं गवत होतं, आणि वर चढताना त्यात ना शेण दिसलं होतं, ना खुराचा ठसा.

"अगं बाई गं," माझ्या तोंडून निघालं. "हे तर आपल्याच काट्यांचं बी!"

शेजारची बाई शांतपणे विळा पुसत होती. "आमाले त कवाचा माहीत आहे."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तुमी बोलू देता कुठं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, न हसून करते काय. घरी आल्यावर ताटावरून उठले. आजही ते आठवलं की लाज वाटते, ती नुसत्या चुकीची नाही, त्या हसण्याचीही.

बाजाराला जाताना कोहमाऱ्याला बस थांबते. कित्येकदा मी खाली उतरलेच नाही. दिवाळी होऊन गेल्यावर शेवटी एकदा मन घट्ट केलं आणि उतरले. तो टेबल पुसत होता. मला पाहून त्याने स्वतःच चहा आणून ठेवला.

"भाऊ, चूक माझी होती," मी म्हटलं. "त्या काट्यांमुळे झालं ते. तुमच्यावर उगाच आळ घेतला मी."

"ते मले तवाच समजला होता. काट्या मीच त रचल्या." त्याने फडका पिळला. "गवत कसा आहे?"

"गुडघ्याच्या वर."

त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "पाहा! मंग आता ढोरं कोन नेते?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "गाई दावणीलाच आहेत. काहींनी विकल्या. गायरान आता उघडतो. तुम्ही परत चला, भाऊ."

तो काही बोलायच्या आत मालकाने आतून त्याला हाक मारली. "आलो जी," म्हणत, एके काळी आखरावरून गावाला हाक देणारा तो लगबगीने आत गेला.